पोळ्याला पांदणीनं: जाड टायर, काळी माती आणि माझे बाबा

सायकल घेऊन दोन महिने झाले होते आणि मी अजून वर्धा-सेवाग्राम रस्त्यावरच मिरवत होते. नावाला डोंगरावरची सायकल! पुढे शॉकअप, मागे दहा गियर, आणि तिनं आजवर पाहिलेला सर्वात उंच डोंगर म्हणजे आमच्या दवाखान्याच्या फाटकातला गतिरोधक. मी तिथल्या प्रयोगशाळेत काम करते. रोज सकाळी सायकल उभी केली की कोणीतरी विचारायचंच, "मॅडम, हिमालयात कधी?" मी हसून आत जायचे, पण मनात खदखद चालू असायची.

हिमालय राहिला बाजूला. पोळ्याच्या आधी वहिनीचा फोन आला आणि प्रवास ठरला तो माहेरचा.

माझं माहेर हिंगणीच्या अलीकडे, बोर धरणाच्या वाटेवरचं एक लहानसं गाव. बाबांनी या उन्हाळ्यात बैलजोडी विकली. गुडघे चालेनात, भावाकडे ट्रॅक्टर आहे, जोडीला घरही चांगलं मिळालं. सगळं समजून-उमजून झालं. पण जोडी गेली आणि बाबा ओसरीतल्या खाटेवर बसले ते बसलेच. शेतात जात नाहीत, चौकात जात नाहीत. वहिनी सांगत होती आणि मागून त्यांचा आवाज आला, "मी नाई जात पोळ्यात, सांग तिले. माही जोडी नाई, मी तोरणाखाली जाऊन काय करू?"

मी म्हटलं, फोन द्या त्यांना. "बाबा, मी सायकलनं येते पोळ्याला."

"ये ना. डांबरी रस्ता हाय, कोणी बी येते."

"पांदणीनं येते."

बाबा हसले हो! किती महिन्यांनी ऐकलं मी ते हसू. "पांदणीनं? या दिवसात? माह्या बैलाइले घाम फुटे तिथं. तू पांदणीनं आली तं मी बी येतो पोळ्यात, जाय."

झालं. आता माघार नव्हती. मी पांदणीनं पोचले तर बाबा घराबाहेर पडणार, नाही पोचले तर खाटेवरच राहणार. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पांदण म्हणजे शेतांच्या मधून जाणारी बैलगाडीची वाट. आमच्या गावची पांदण एकेकाळी सेलूच्या बाजाराचा हमरस्ता होती. ट्रॅक्टर आणि मोटरसायकली डांबरीवर गेल्या आणि पांदण बाभळींनी ताब्यात घेतली.

आता थोडं सायकलीबद्दल, कारण घ्यायच्या विचारात असलेले बरेच जण मला हेच विचारतात. तीस-पस्तीस हजारांत आपल्याकडे चांगली सायकल मिळते. फक्त पुढे शॉकअप असलेली घ्या. दोन्हीकडे शॉकअप असलेली स्वस्त सायकल दिसायला झकास असते, पण जड, आणि पायातली निम्मी ताकद स्प्रिंगमध्येच जिरते. पुढचं दातेरी चाक एकच असेल तर बरं, चिखलात बिघडायला एक गोष्ट कमी. ब्रेक डिस्कचे, आणि झेपत असेल तर तारेऐवजी तेलावर चालणारे. सर्वात महत्त्वाचं म्हणजे मापाची सायकल. मी उंचीला बेताची, तर दुकानदारानं आधी मोठ्या मापाची गळ्यात मारायचा प्रयत्न केला. दोन्ही पाय जमिनीला टेकवून दांड्याच्या वर चार बोटं जागा राहते का ते बघा, नाहीतर सरळ दुसरी मागा.

इतकी शहाणी मी, पण टायरला फसले. कंपनीचे टायर मध्यम होते. मी रात्रंदिवस व्हिडिओ बघून बघून ठरवलं की जाड हवेत, भरगच्च दातांचे. दुकानदार माझ्याहून उतावळा. "मॅडम, जाड टायर म्हणजे पकड! पहाड चढान तुम्ही!" त्यानं बसवून, चाक फिरवून दाखवलं. टायर आणि फ्रेमच्या मधे जेमतेम एक बोट जागा. "बसते ना, अजून काय पाह्यजे?" आम्ही दोघंही वर्ध्याचे, दोघांच्याही बापजाद्यांच्या चपलांना काळी माती चिकटलेली. पण दोघांपैकी एकालाही ती त्या दिवशी आठवली नाही. व्हिडिओतली माती वेगळ्या देशातली होती ना!

एक गोष्ट मात्र बरोबर केली. ट्यूब काढून टायरमध्ये तो पांढरा चिकासारखा द्रव भरून घेतला. काटा घुसला की भोक आपोआप बुजतं. बाभळीच्या मुलखात याला पर्याय नाही.

सोबत रंजना मेश्राम होती. आमच्या दवाखान्यातली सिस्टर, माझी जुनी मैत्रीण. तिची सायकल तिच्या लेकाची. तो शिकायला पुण्याला गेला आणि हिनं ती ताब्यात घेतली. साधी, शॉकअप नसलेली, बारीक टायरची. माझं चाक पाहून ती म्हणाली, "हे सायकल हाय का ट्रॅक्टरमागचं रोटावेटर वं?"

पहिला दिवस

पहाटे फटफटताना वर्ध्याहून निघालो. नागपूर रस्ता रुंद, कडेची पट्टी सायकलीला पुरेशी, पण ट्रकवाल्यांवर विसंबू नका, मागे लाल दिवा लावाच. पवनारच्या पुलावर थांबलो. धाम नदी चहाच्या रंगाची होऊन फुगून वाहत होती. खालच्या टपरीवर चहा घेतला. रंजना डांबरीवर वाऱ्यासारखी जायची आणि मी मागून घूंऽऽ असा आवाज करत. जाड टायर डांबराला चिकटल्यागत वाटतात. पण मला काय त्याचं! मला वाटत होतं, हिला पांदणीत दाखवते कोण कोणाच्या मागे राहतं ते.

सेलूला तर्री-पोहे. इथे तर्री मागून घ्यावी लागत नाही, उलट थांबवावी लागते. दोघींचं पोट शंभराच्या आत गच्च भरलं. सोबत आलुबोंडे बांधून घेतले. सेलूनंतर वाहनं कमी झाली आणि दोन्ही बाजूंना कपाशी सुरू झाली. पात्या-फुलांवर आलेली, मधे तुरीच्या ओळी, पुढे सोयाबीन गुडघ्यावर. ऊन नाही, पाऊस नाही, नुसतं ढगाळ. मी सायकलवर गाणं म्हणत होते. मला गाता येत नाही, हे रंजनानं दोनदा सांगितलं.

पांदणीच्या तोंडाशी एक पानटपरी आहे. टपरीवाल्या भाऊंना म्हटलं, पांदणीनं चाललो. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, सायकलींकडे पाहिलं. "काऊन? डांबरी रस्ता वाहून गेला काय?"

"बाबाइनं शर्त लावली हाय," रंजना म्हणाली.

"मंग जा. पण तिकडल्या तोंडाले नाल्यापाशी गारा हाय. येजो मंग वापस, चहा पाजतो." गारा म्हणजे आमच्याकडे चिखल.

पांदणीची पहिली बाजू म्हणजे निव्वळ सुख! तिथली जमीन मुरमाड. मधे गवताची पट्टी, दोन्हीकडे गाडीच्या चाकोऱ्या. टायरमधली हवा थोडी कमी केली आणि सोडली सायकल. खड्डा आला, शॉकअपनं गिळला. दगड आला, टायरनं दाबला. एका उतारावर मी उभी राहून, ब्रेकवर एकेक बोट ठेवून अशी काही खाली आले की समोरच्या धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, बाई खुरपं टाकून उभी राहिली. रंजना मागून "हळू वं माय, हळू!" ओरडत होती. तिची सायकल तिला खिळखिळी करत होती. दवाखान्यातल्या सगळ्या टोमण्यांचं मी त्या उतारावर उट्टं काढलं. मी चाळिशी ओलांडलेली बाई, आणि मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडले.

एक भलामोठा काटा पुढच्या चाकात गेला. फुस्स झालं, पांढरा फेस आला, चाक दोन फेरे फिरलं आणि आवाज बंद! टायर होता तसा टणक. दोघींनी टाळ्या पिटल्या.

आणि मग मुरूम संपला.

काळी माती कशी असते हे ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळत नाही. पहिल्यांदा चाकाला नुसतं मळकट वेष्टण बसलं. मग त्यावर गवत, त्यावर माती, त्यावर पुन्हा गवत. दहा-वीस हातांत पुढचं चाक फिरायचं थांबलं. टायर आणि फ्रेमच्या मधली ती एक बोट जागा गच्च भरून वीट झाली होती. मी जोर लावून पॅडल मारणार तेवढ्यात मागून कडकड आवाज आला आणि मी शहाणपणानं उतरले. हे लक्षात ठेवा, चिखल भरलेला असताना पॅडल मारायचं नाही. गियर बदलणारा तो मागचा लोंबता भाग चाकात ओढला जाऊन तुटतो आणि तिथेच प्रवास संपतो.

काडी घेऊन माती उकरली. चार पावलं ढकलली. पुन्हा वीट. पुन्हा उकरली. रंजनाची बारीक चाकं मात्र धुऱ्याच्या गवतावरून रडतखडत फिरत होती. तिच्या टायर आणि फ्रेमच्या मधे मूठभर जागा होती ना! ती पुढे जाऊन थांबायची, माझ्याकडे बघायची आणि दयेपोटी काही बोलायची नाही. माझ्या तोऱ्याचं पार पाणी झालं होतं.

नाल्याच्या अलीकडे डावीकडून एक वाट डांबरीला मिळते. तिथे रंजनानं सायकल टेकवली.

"चाल, इकडून निघू. अंगभर गारा हाय, बाबाइले सांगू पांदणीनंच आलो. कोण पाहून राह्यलं?"

खरं सांगते, पाय तिकडे वळले होते. पुढे नाला, त्याच्या पल्याड तसाच काळा पट्टा, गाव अजून दिसत नव्हतं. पण बाबांना फसवून तोरणाखाली उभं केलं असतं, तर दुसऱ्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवलं नसतं. त्यांनी गमतीत का होईना, शब्द दिला होता. मग माझाही शब्दच होता.

"तू जा डांबरीनं. मी येते."

"हो, अन् तिकडं तुले साप चावला तं रिपोर्ट कोण लिहीन? आण ती बॅग इकडं."

तिनं दोन्ही बॅगा स्वतःच्या सायकलीवर लादल्या. मी माझी सायकल उचलून दांडा उजव्या खांद्यावर घेतला. एरवी ती पंधरा किलोची, मातीसकट किती झाली होती देव जाणे. नाल्यात पाणी मांडीपर्यंत, पण संथ. ओढ असती तर उतरलेच नसते. पल्याड चप्पल एकदा मातीत राहिली, मग दुसरीही. अनवाणी, खांदा बदलत, बाभळीच्या फांद्या पाठीवर ओरबाडत, मी चालत राहिले. हळूहळू खांद्याची आग व्हायला लागली. मधे एकदा बसून दोघींनी चेपलेले आलुबोंडे खाल्ले. त्यांच्याइतकं चविष्ट मी वर्षभरात काही खाल्लं नव्हतं.

गावात शिरलो तेव्हा लोक दारात आले. बाबा ओसरीत खाटेवर होते. मला बघून उभे राहिले.

"पांदणीनं आली?"

"पांदणीनं आली, बाबा."

"सायकलवर?"

आता आली का पंचाईत! "अर्ध्यापर्यंत मी सायकलवर आले. पुढं सायकल माझ्यावर आली."

रंजना मधे पडली. "काकाजी, नाल्यापासून गावापर्यंत खांद्यावर आणली हो तिनं. म्या म्हटलं डांबरीनं चाल, तं नाई."

बाबांनी सायकलीभोवती एक चक्कर मारली, चाकात अडकलेली माती बोटानं दाबून पाहिली आणि आत गेले. हरले मी, असंच वाटलं. न्हाणीघरात चिखल धुताना डोळ्यांतून पाणी आलं ते रंजनाला दाखवलं नाही.

वहिनीनं पाठीला पाणी घालताना खांदा पाहिला. "आई वं! सालपटच निघालं." ती तशीच आत गेली.

दिवेलागणीला गावभर खांदशेकणी सुरू झाली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात, वर्षभर जू वाहतात म्हणून. आमचा गोठा रिकामा. शेजारच्या गोठ्यातून घंटांचा आवाज येत होता आणि मला आमच्या घरातली शांतता ऐकवेना. तेवढ्यात बाबा आले. हातात वाटी, पळसाची पानं. माझ्यामागे पाटावर बसले.

"पुढं पाह्य, हलू नको."

त्यांनी पळसाच्या पानानं कोमट हळद-तूप माझ्या खांद्यावर लावलं. बैलाला लावायचे तसंच, हळूहळू दाबत. आधी झोंबलं, मग बरं वाटलं. रंजना दाराशी उभी राहून बघत होती. शेवटी बाबांनी बैलांच्या कानात म्हणायचं ते माझ्या कानाशी म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी हसत हसत रडले. पण पोळ्यात येणार का, हे विचारायचा धीर झाला नाही.

दुसरा दिवस

सकाळी सायकल धुतली. खांदा आखडला होता, तरी बोर धरणापर्यंत जाऊन आलो. हा रस्ता कोणीही करावा असा आहे. हिंगणीपर्यंत डांबर, पुढे जंगलाची कड लागते. पावसाळ्यात जंगलातली सफारी बंद असते, तेव्हा कच्च्या वाटांनी आत घुसायचा मोह धरू नका. वाघाचं रान आहे, आणि सायकल वाघापेक्षा हळू पळते. आम्ही रस्ता सोडला नाही. सागाला तुरे आले होते, माकडं पुलाच्या कठड्यावर बसून आमच्या हेल्मेटांची टिंगल करत असावीत. धरण काठोकाठ. उतारावर तेलाचे ब्रेक लोण्यासारखे लागत होते. काल मला रडवणारे जाड टायर आज खडीवर राजासारखे चालले. मी त्यांना माफ केलं. रंजनानं मागितली म्हणून सायकल तिला दिली, तर ती परत द्यायला तयार नाही!

दुपारी पुरणपोळी, कढी, भजी. बाबा जेवले आणि खाटेवर आडवे झाले. गावात ढोल वाजायला लागले. वहिनी माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. भाऊ ट्रॅक्टर धुऊन, हार घालून कधीच गेला होता. मी बांगड्या घातल्या, केस विंचरले, उगाच वेळ काढला. अखेर आम्ही तिघी निघालो. उंबऱ्यावर मागून आवाज आला.

"थांबा ना वं. टोपी तं घेऊ द्या."

मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. बैलांची रांग, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. यंदा जोड्या कमी, ट्रॅक्टर जास्त. बाबा रांगेत नाही, कडेला, कडुनिंबाखाली उभे राहिले. लोकांनी रामराम केला, कोणी जोडीचं काढलं नाही. मग झडत्या सुरू झाल्या. आमच्या विदर्भात पोळ्याला एकेक जण पुढे होऊन दोन ओळींची झडती म्हणतो. कोणाची टिंगल, कोणाचा मान, आणि शेवटी सगळे मिळून महादेवाचा गजर करतात. बाबांच्या झडत्यांची गावाला सवय होती. दोघातिघांच्या झाल्या, हशा झाला.

आणि कडुनिंबाखालून तो खणखणीत आवाज आला.

"पांदणीत झाला गारा, गाऱ्यात फसली गाडी,
सायकल बसली खांद्यावर, पोरगी झाली जोडी!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव!" सगळं मैदान ओरडलं. रंजना सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. लोक वळून माझ्याकडे बघत होते, हसत होते, आणि बाबा झाडाखालून निघून रांगेच्या मधोमध येऊन उभे राहिले होते. तोरण तुटून पोळा फुटेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

परत घरी

तिसऱ्या दिवशी आलो मात्र डांबरीनं, निमूट. टपरीवाल्या भाऊंनी कबूल केलेला चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. संध्याकाळच्या आत वर्ध्याला पोचलो.

आता आठवडा झाला. खांद्यावरचं साल धरलंय. विचारणाऱ्यांना माझं उत्तर बदललंय. सायकल घेताना आधी तुमच्या पायाखाली कुठली माती आहे ते बघा. मुरूम, खडी, जंगलाची कड असेल तर जाड टायर जरूर घ्या. काळ्या मातीत पावसाळ्यात जाणार असाल तर बारीक टायर, विरळ दात, आणि फ्रेममध्ये चाकाभोवती मूठ जाईल एवढी जागा. दुकानदाराला हे सांगितलं तर तो कपाळावर हात मारून म्हणाला, "मॅडम, आपल्याले बी कसं नाई सुचलं?" बारीक टायर मागवून ठेवलेत. तेवढ्यानं नाल्यापलीकडची पांदण सायकलवर पार होईल असं मात्र मला वाटत नव्हतं.

काल दुपारी बाबांची चौकशी करायला फोन केला. वहिनीनं उचलला.

"बाबा घरी नाईत," ती म्हणाली. "कुऱ्हाड घेऊन पांदणीत गेले, संग चार जणं घेऊन. बाभळी तोडून राह्यले सकाळपासून. म्या म्हटलं, काऊन आता या वयात? तं म्हणे, पुढल्या टायमाले पोरगी सायकलवर आली पाह्यजे."